अर्धा प्रसाद

वनमालाबाई कुठे गेल्या आणि तिथल्या देवाचा प्रसाद न घेता परतल्या, असं आजवर कधी झालेलं नव्हतं. पुरीचा खाजा, तिरुपतीचा लाडू, डोंगरगडच्या बम्लेश्वरीचं खोबरं, सगळं पिशवीच्या वरच्या कप्प्यात बसून रायपूरला यायचं. गुढियारीत रेल्वेलाइनीजवळ राहत होत्या तेव्हा वाटायला अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, होता. मुलाला, नीलेशला, नव्या रायपुरात सरकारी क्वार्टर मिळालं, नवराबायको त्याच्याकडे राहायला आली, आणि वाटपाची पंचाईत झाली. इथले रस्ते एवढे रुंद की पलीकडच्याला हाक पोचायची नाही, आणि बस आली तर माणसं गॅलरीत येऊन बघायची. शेजार म्हणावा असं एकच दार होतं, समोरचं. त्यावर पाटी होती, फिलोमिना लकडा, अवर सचिव.

यंदाचा प्रसाद त्या दारासाठीच आणलेला होता. देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी चांदीचा कुंकवाचा करंडा ठेवला होता आणि त्यात तो होता. गोव्याहून येऊन दोन दिवस झाले होते, दोन्ही दिवस वनमालाबाईंनी करंड्याला उदबत्ती ओवाळली होती. मंत्रालयाला शनिवारी सुट्टी, त्या दिवशी फिलोमिना घरी सापडणार, म्हणून थांबल्या होत्या. हातून काहीतरी फार चांगलं झालं आहे, या आनंदात त्या दोन दिवस घरभर गुणगुणत फिरत होत्या. तो आनंद आठवला की पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची.

फिलोमिना जशपूरकडची, उरांव आदिवासी, कॅथलिक. पन्नाशीला आलेली, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. तिचे उपकार मोठे होते. वनमालाबाईंचे यजमान दिवाकरराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त झाल्यावर एका भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. नीलेश ऑफिसात, ऑटो मिळायचं नाव नाही. फिलोमिनाने त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं, रायपूरच्या दवाखान्यात नेलं आणि नीलेश येईपर्यंत वनमालाबाईंचा हात धरून बाकावर बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. तेव्हापासून वनमालाबाई येईल त्याला सांगायच्या की ही मला सख्ख्या बहिणीसारखी.

पण या सख्ख्या बहिणीच्या घरचा घोटभर चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नव्हता.

भांडण नव्हतं, तिरस्कारही नव्हता. तिच्याकडे बसायच्या, गप्पा मारायच्या, आणि बशी समोर आली की म्हणायच्या, आज मेरा उपवास है. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आठवड्याला वार सात, आणि बाईंनी ते सगळे वापरले होते. पाणी विचारलं तर आत्ताच पिऊन आले. नाताळात फिलोमिना स्वतः भाजलेला केक घेऊन यायची, मुद्दाम सांगायची की आंटी, अंडं घातलेलं नाही. वनमालाबाई दोन्ही हातांनी घ्यायच्या, तोंड भरून कौतुक करायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो कामवाल्या कुसुमच्या पिशवीत घालायच्या. फिलोमिनाच्या स्वयंपाकघरात काय काय शिजत असेल, हा एक विचार मनात असायचा. तो कधी उघड बोललेला नव्हता, म्हणून तो आपल्यात नाहीच अशी त्यांची समजूत होती.

गोव्याला जायचं फिलोमिनानेच सुचवलं होतं. गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाला, कारवारच्या अलीकडे, समुद्रावर एक लहानसं गाव आहे. तिची मावसबहीण तिथल्या कॉन्व्हेंटात नन होती. तिथलं देऊळ, म्हणजे चर्च, फार जुनं. कासवं येतात, धनेश पक्षी दिसतात, गर्दी नाही, अंकलना मानवेल. मलाच कधीची इच्छा आहे, ती म्हणाली, पण ऐन तेव्हा विधानसभेचं बजेट सत्र असतं, सुट्टी मागायची सोय नाही. वनमालाबाईंनी तिथल्या तिथे शब्द दिला की तुमच्या वाटणीचं दर्शन मी घेईन.

दिवाकररावांनी रेल्वेचा पास काढला आणि दोघं गेली. गाव खरोखरच शांत होतं. माडांच्या मागे खाडी, खाडीत सकाळी पाणमांजरांची जोडी पोहायची, आणि खोलीमागच्या झाडावर धनेश बसायचा. तो उडाला की पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा. दिवाकरराव खुर्ची टाकून तासन्‌तास बघत बसायचे. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून पळता मुलूख पाहिलेला माणूस, इथे काहीच पळत नाही म्हणून खूश होता.

शनिवारी पहाटे वनखात्याच्या माणसाने कासवांची पिल्लं सोडायची म्हणून सगळ्यांना बोलावलं. वाळूत जाळी लावून राखलेल्या घरट्यातून तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं निघाली आणि धडपडत पाण्याकडे चालू लागली. घोळक्यातल्या एका बाईने त्यातलं एक फोटोसाठी उचलून हातात धरलं. वनखात्याचा माणूस लांब होता. वनमालाबाई मात्र जवळच होत्या, आणि गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

‘‘नीचे रखो उसको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जिसका जो है, उसको वहीं रहने दो. हर चीज़ उठाने की नहीं होती.’’

बाई ओशाळली, पिल्लू खाली ठेवलं. वनमालाबाई दिवसभर त्याच तोऱ्यात होत्या. लोकांना काही रीतभात कळत नाही, हे त्यांनी जेवताना नवऱ्याला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवराबायको चर्चमध्ये गेली. पांढऱ्या भिंती, कौलारू छप्पर, आत सोनेरी नक्षीचा लाकडी देव्हारा आणि मेणाचा वास. दोघांनी चपला पायरीशी काढल्या, दुसऱ्या कुणी काढल्या नव्हत्या. दिवाकरराव दारापाशी शेवटच्या बाकावर बसले. वनमालाबाई पुढे गेल्या, पदर कपाळावर ओढून घेतला, हात जोडले. कोंकणीतली प्रार्थना अर्धीमुर्धी कळत होती. फिलोमिनाचं नाव घेऊन त्यांनी मनापासून नमस्कार केला, आणि त्यांचे डोळे भरून आले. यात खोटं काही नव्हतं.

मग लोक उठून रांगेत उभे राहू लागले. पुढे एक वृद्ध फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. प्रसादाची रांग ओळखायला वनमालाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या लगेच उठल्या. फादरांचा चष्मा जाड, रांग लांब, कुंकू पदराआड. त्यांनी काही म्हटलं, पुढच्या माणसाने म्हटलेलं ऐकून यांनीही आमेन म्हटलं आणि उजव्या हाताखाली डावा धरून प्रसाद घेतला. पांढरी, गोल, कागदासारखी पातळ चकती. बाजूला होऊन त्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, एक रुमालात बांधला. घरी राहिलेल्याचा वाटा असाच बांधून न्यायचा असतो, हे त्यांच्या हातांना सवयीने माहीत होतं. बाकावरची एक म्हातारी बाई त्यांच्या हातांकडे बघत अर्धवट उठली होती. वनमालाबाईंनी तिच्याकडे बघून हसून नमस्कार केला आणि बाहेर आल्या.

परतल्यानंतरच्या शनिवारी सकाळी फिलोमिना आली. सुती साडी, विणलेले केस, हातात दिवाकररावांसाठी वर्तमानपत्र. गावाची, बहिणीची, समुद्राची चौकशी झाली. वनमालाबाईंना धीर निघेना. त्यांनी देवघरातून करंडा आणला, झाकण काढलं आणि तिच्यासमोर धरला.

‘‘आपके लिए. आपके चर्च का प्रसाद. फादर के हाथ का है.’’

फिलोमिनाने आत पाहिलं. करंड्यात उरलेलं कुंकू चकतीच्या कडेला लागून ती कड लाल झाली होती. फिलोमिना करंड्यावर वाकून बघतच राहिली, आणि वनमालाबाईंना वाटलं, भारावली.

‘‘आंटी, ये आपको मिस्सा में मिला?’’

हो, रविवारच्या प्रार्थनेत, म्हणून वनमालाबाईंनी सगळं सांगितलं. रांग, आमेन, अर्धा मी खाल्ला, अर्धा तुमचा. सांगता सांगता समोरच्या चेहऱ्यातलं रक्त उतरत गेलेलं त्यांना दिसलं, आणि शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडात तसंच राहिलं.

फिलोमिना उठली. बेसिनपाशी गेली, हात धुतले, चूळ भरली. डोक्यावर पदर घेतला. मग करंडा दोन्ही हातांत धरून जेवणाच्या टेबलाशेजारी फरशीवर गुडघे टेकून बसली. क्रुसाची खूण केली, डोळे मिटले आणि तो तुकडा, कुंकवासकट, तोंडात ठेवला. थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. वनमालाबाईंनी तांब्या दिला. तिने करंड्यात पाणी ओतलं, तो हळू फिरवला, कणन्‌कण त्या पाण्यात आला असेल याची खात्री केली आणि ते लालसर पाणी प्यायली. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायली.

‘‘अहो, कुंकू आहे त्यात,’’ वनमालाबाई मराठीतच म्हणाल्या.

फिलोमिना उठून उभी राहिली. तिचे डोळे ओले होते, आवाज मात्र नेहमीचाच.

‘‘हमारे लिए ये प्रसाद नहीं है आंटी. ये खुद प्रभु हैं. इनको घर नहीं ले जाते, और जो हमारे विश्वास में नहीं, वो लेते भी नहीं.’’ मग वनमालाबाईंचा चेहरा बघून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘आपने जानकर थोड़ी किया.’’

ती गेली. वर्तमानपत्र टेबलावर राहिलं, आणि करंडा, कधी नव्हे इतका स्वच्छ.

दिवाकररावांनी सगळं आतून ऐकलं होतं. ते बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, ‘‘मले दाखवलं असतंस तर म्या तिथंच थांबवलं असतं. विचारून तरी घ्यायचं होतं.’’

‘‘मले काय माहीत होतं? प्रसाद वाटून राहिले होते, म्या घेतला.’’

‘‘त्या पोरीनं किती जपून खाल्लं, पाह्यलं ना?’’ एवढंच बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. नीलेशला संध्याकाळी कळलं. त्याने कपाळावर हात मारला, ‘‘आई, किसी और को मत बताना,’’ म्हणाला आणि मोबाईल घेऊन खोलीत गेला. फिलोमिना त्याच्याच विभागात, त्याच्या वरच्या खुर्चीत होती. त्याची काळजी तिथपर्यंतच होती.

वनमालाबाईंची काळजी मात्र थांबायला तयार नव्हती. पहिल्या दिवशी लाज वाटली ती अडाणीपणाची. कासवाचं पिल्लू उचलणाऱ्या त्या बाईला आपण काय सुनावलं होतं ते आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरीच गोष्ट डोक्यात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. अनोळखी फादरच्या हातचं आपण विचार न करता तोंडात टाकलं. तिथे उपवास आठवला नाही, विटाळ आठवला नाही. मग समोरच्या दारातला केक कशासाठी नको होता? देवाच्या दारी चालतं आणि माणसाच्या दारी चालत नाही, असं त्या स्वतःला समजावून पाहत होत्या, पण ते काही गळी उतरेना. कुंकू कालवलेलं पाणी पिणाऱ्या फिलोमिनाचा चेहरा मध्येच समोर यायचा. तिने तोंड वाकडं केलं नव्हतं.

आठवडाभर समोरचं दार सकाळी उघडून बंद व्हायचं आणि संध्याकाळी उघडून बंद व्हायचं. फिलोमिना आली नाही. सत्राचे दिवस, उशीर होत असेल, असं वनमालाबाई मनाला सांगत राहिल्या. पण सत्र तर आधीपासूनच चालू होतं, आणि तेव्हा ती दाराशी थांबून दोन शब्द बोलायची. ही बाई आपल्याला तुटली, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

शुक्रवारी दुपारी कुसुम भांडी घासत होती. ती दोन्ही घरी काम करायची. वनमालाबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, केकचं तू लकडा दीदींना कधी बोलली तर नाहीस ना? बोलू नकोस.

कुसुमने मान वर केली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

‘‘दीदी ल तो पहिलीच ले मालूम हे,’’ ती म्हणाली. ‘‘हर साल मोला पूछथे, केक कइसे बने रहिस, लइका मन खाइन का. पाछू साल तो बड़े बनाय रहिस, हमर घर बर पूर जाय कहिके.’’

वनमालाबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून. दरवर्षी ती केक घेऊन या दारात उभी राहायची, यांचं खोटं कौतुक ऐकून घ्यायची, हसायची, आणि गेल्या वर्षी तर कुसुमच्या पोरांना पुरेल एवढं जास्तीचं पीठ तिने भिजवलं होतं. छातीत कळ आलेल्या माणसाला गाडीत घातलं तेव्हाही तिला माहीत होतं. बाकावर हात धरून बसली तेव्हाही माहीत होतं. वनमालाबाईंना वाटलं, आपण या ओट्याखाली कुठेतरी शिरून बसावं आणि कुणाला दिसू नये.

संध्याकाळी समोरचं दार उघडल्याचा आवाज आला तशा त्या उठल्या. आज गेले नाही तर कधीच जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फिलोमिनाने दार उघडलं, त्यांना पाहून जराशी थबकली, मग बाजूला झाली. ती नुकतीच ऑफिसातून आली होती, ओळखपत्र अजून गळ्यातच होतं.

वनमालाबाई सोफ्याच्या कडेवर टेकल्या. येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

‘‘मुझे कुछ खाने को दो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हारे घर का. कुछ भी.’’

फिलोमिनाने त्यांच्याकडे पाहिलं. ओळखपत्राची दोरी तिने बोटाला गुंडाळली.

‘‘आज तो शुक्रवार है आंटी. हमारा चालीसा चल रहा है, ईस्टर से पहले के चालीस दिन. आज मेरा उपवास है, घर में कुछ बना नहीं.’’

ती खरंच सांगत होती. स्वयंपाकघर थंड होतं, कुठे फोडणीचा वास नव्हता, आणि वनमालाबाईंना ते दिसत होतं. पण ‘आज मेरा उपवास है’ हे शब्द इतक्या वर्षांत त्यांनीच या खोलीत इतक्यांदा उच्चारले होते, आणि ते ऐकून घ्यायला कसं वाटतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. 

‘‘पानी दूँ?’’ फिलोमिनाने विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

फिलोमिना आत गेली. रॅकवरून भांडं उचलल्याचा नव्हे, वरचं कपाट उघडल्याचा आवाज आला. ती स्टीलचा पेला धुऊन, भरून घेऊन आली. पेला कोरा होता, एक ओरखडा नव्हता. वनमालाबाईंनी तो हातात घेतला तशी ती घाईने, त्यांना दिलासा द्यावा तशी म्हणाली, ‘‘ये आपका ही है. शुरू से अलग रखा है. इसमें और कोई नहीं पीता, मैं भी नहीं. आप बेफिकर पीजिए.’’

तिच्या आवाजात टोमणा असता तर वनमालाबाईंनी तो आनंदाने सोसला असता. टोमणा नव्हता. यांना कधीतरी तहान लागेल, तेव्हा यांचा नेम मोडू नये, म्हणून तिने नवा पेला आणून इतकी वर्षं वर ठेवला होता.

वनमालाबाईंना रडू फुटलं. वरून ओतून पाणी प्यायची त्यांची जन्माची सवय, पण त्यांनी पेला ओठांना लावला आणि सगळं पाणी संपवलं. फिलोमिनाने पेला घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. उठून त्या स्वतः तिच्या स्वयंपाकघरात गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा. पेला घासला, धुतला, आणि वरच्या कपाटात न ठेवता रॅकवर तिच्या रोजच्या पेल्यांच्या मधोमध उपडा घातला.

तेव्हा त्याचं बूड वर आलं. ओळखू यावा म्हणून फिलोमिनाने तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलेला होता. वनमालाबाईंनी तो अंगठ्याने घासला, मग नखाने खरवडला. मागे दारात फिलोमिना येऊन उभी राहिली होती. ठिपका निघत नव्हता.